कोमोडो ड्रॅगन : सरडा म्हणावं की घोरपड?

विचारणा थोडक्यात अशी : पाचवीच्या मुलांसाठी इंडोनेशियातल्या कोमोडो ड्रॅगनवर टिपण लिहायचं आहे. त्याला 'महाकाय सरडा' म्हणावं की 'घोरपड'? आणि 'तो विषारी लाळेने भक्ष्याला दंश करून मारतो' हे वाक्य चालेल का?

नाव 'कोमोडो घोरपड' असंच लिहावं. आपल्या माळरानावरची घोरपड आणि कोमोडो, रिंचा, फ्लोरेस या बेटांवरचा हा प्राणी 'व्हॅरॅनस' या एकाच प्रजातीतल्या (genus) दोन जाती (species) आहेत. 'सरडा' अगदी चूक नाही, शास्त्राच्या पुस्तकांत तो अख्ख्या गटासाठी येतो. पण मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कुंपणावर मान हलवत किडे टिपणारा सरडा. त्याची जीभ जाड असते. घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि टोकाशी दुभंगलेली, आणि तिची सगळी शोधाशोध त्या जिभेवर चालते. मान डावी-उजवीकडे झुलवत ती चालते, जीभ बाहेर काढून हवेतले गंधकण टिपते आणि टाळूतल्या गंधेंद्रियापर्यंत पोचवते. ज्या टोकाला वास जास्त लागेल त्या अंगाला वळते. वारा अनुकूल असला तर मेलेल्या जनावराचा वास कोमोडो घोरपडीला चार किलोमीटरवरूनही लागतो. 'महाकाय सरडा' म्हटलं की ही जीभच हरवते.

एक व्याकरणाची गोष्ट. 'ड्रॅगन' लिहिलं की 'तो', 'घोरपड' लिहिलं की 'ती'. एकाच टिपणात दोन्ही आले तर मुलं गोंधळतात. नराबद्दल लिहायचं असेल तेव्हा 'नर घोरपड' लिहून क्रियापद स्त्रीलिंगीच ठेवावं : 'नर घोरपड मागच्या पायांवर उभी राहून झुंजते.' कानाला जरा खटकतं, पण बरोबर आहे.

आता ते वाक्य. त्यात अडचणी दोन.

पहिली 'दंश'. साप दंश करतो, विंचू दंश करतो, म्हणजे टोचून विष आत सोडतो. कोमोडो घोरपडीला सापासारखे पोकळ विषदंत नाहीत. तिचे साठेक दात कोयत्याच्या पात्यासारखे मागे वळलेले, चपटे आणि कडेला बारीक करवती असलेले. त्यांच्या टोकांवर आणि धारेवर लोहाचा नारिंगी थर असतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. इतक्या मोठ्या जनावराच्या मानाने तिच्या जबड्याची पकड कमजोरच आहे. खरं काम मान करते : दात रुतवायचे आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागे ओढायचं. मांस फाटून येतं. याला मराठीत नेमका शब्द आहे, 'लचका तोडणे'. तोच वापरावा.

दुसरी अडचण 'विषारी लाळ'. तोंडातल्या घाण जंतूंनी जखम सडते आणि जनावर काही दिवसांनी मरतं, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. २००९ मध्ये विषाचे अभ्यासक ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या विषग्रंथी दाखवून दिल्या. त्या ग्रंथींच्या नळ्या दोन-दोन दातांच्या मधल्या जागेत उघडतात, विष जखमेत झिरपतं, रक्त गोठत नाही आणि रक्तदाब घसरतो. विषाचा वाटा किती आणि नुसत्या जखमेचा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, म्हणून 'विषाने मारते' असं ठामपणे लिहू नये. जंतूंचा समज रुजला तो बहुधा म्हशींमुळे. चावा बसलेली म्हैस निसटून साचलेल्या गढूळ पाण्यात जाऊन बसते आणि त्या पाण्याने तिची जखम चिघळते.

वाक्य असं करता येईल : 'कोमोडो घोरपड वाटेच्या कडेला दबा धरून बसते, हरीण किंवा रानडुक्कर टप्प्यात आलं की झडप घालते आणि मांसाचा लचका तोडते, जखमेत विषही उतरतं, त्यामुळे रक्त थांबत नाही.' 'पाठलाग करते' नको. ताशी वीसेक किलोमीटरचा वेग तिला थोडंच अंतर टिकवता येतो.

पुढे 'चावून खाते' असंही लिहू नये. ती चावत नाही, गिळते. लहान बकरं अख्खं जातं. घास घशात असताना श्वास कोंडू नये म्हणून तिच्या जिभेखालून फुप्फुसाकडे जाणारी नळी असते. एका बैठकीत ती स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकते; मोठा नर तीन मीटर लांब आणि ७० किलोच्या आसपास, यावरून मुलांना गणितही घालता येईल.

'सरपटणारा प्राणी' हे वर्गाचं नाव म्हणून ठेवावं, पण चालीचं वर्णन करताना 'सरपटते' लिहू नये. ती पोट उचलून चारी पायांवर चालते.

चित्रात पिल्लू झाडावर दिसलं तर ती चित्रकाराची चूक नव्हे. मोठ्या घोरपडी लहानांना खातात, म्हणून पिल्लं पहिली काही वर्षं झाडांवरच काढतात आणि किडे, पाली, पक्ष्यांची अंडी खातात. अंगाने भारी झालेल्या घोरपडीला तिथवर चढता येत नाही.