‘टेक्स्ट ओन्ली’ करायच्या आधी दोन मिनिटं थांबा

तुमची पोस्ट रात्री साडेअकराला वाचली आणि राहवलं नाही. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, २३ लेख, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, कुणी मेलने, कुणी पीडीएफ. वर्डमध्ये पेस्ट केले की प्रत्येकाचा फाँट निराळा, ओळींमधलं अंतर निराळं, आणि तीन लेख तर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखे दिसतायत. वर कुणीतरी सल्ला दिलाय, ‘सगळं कीप टेक्स्ट ओन्लीने पेस्ट करा, मग रिप्लेस ऑल मारून साफसफाई करा.’ म्हणजे फाँट, ठळकपणा सगळं गाळून नुसती अक्षरं आणायची, आणि मग एका झटक्यात अख्ख्या फाइलीत शोधून बदलायचं. नेमकं हेच मी २०१७ साली माझ्या प्रबंधाच्या बाबतीत केलं होतं.

पेस्ट केल्यावर कोपऱ्यात जो चौकोन येतो त्यातले पर्याय तुम्हाला माहीत असणारच, ते सांगत बसत नाही. माझा कल मर्ज फॉरमॅटिंगकडे आहे. फाँट, आकार तुमच्या फाइलचा लागतो आणि लेखकाने मधेच ठळक किंवा तिरपा केलेला शब्द तसाच राहतो. मात्र नुसतं शीर्षक उचलून मर्ज केलंत तर त्याचा ठळकपणा जातो, कारण निवडलेल्या मजकुराचा काही भागच ठळक असेल तर वर्ड त्याला ‘जोर दिलाय’ असं समजतं. अख्खं निवडलेलं ठळक असेल तर सोडून देतं. शीर्षकं नाहीतरी स्टाइलनेच द्यावीत असं माझं मत आहे, पण तो वेगळा वाद.

आता त्या तीन लेखांविषयी, कारण माझा प्रबंध तिथेच बुडाला होता.

ते लेख बिघडलेले नाहीत. ते जुन्या फाँटात टाइप केलेले आहेत, बहुधा कृतीदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी. या फाँटात मराठी अक्षर फक्त डोळ्यांना दिसतं, फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, कॅपिटल बी, एच. वरून फाँटचा मुखवटा चढवला की मराठी, काढला की खिचडी. म्हणजे इथे फाँट ही सजावट नाही, तीच लिपी आहे. आणि ‘टेक्स्ट ओन्ली’ सगळ्यात आधी तोच काढून फेकतं.

ओळखायचं कसं? लेखातला एखादा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसला तर युनिकोड, म्हणजे फाइलच्या पोटातही मराठीच, खुशाल पुढे जा. इंग्रजी दिसला तर त्या लेखाला अजून हात लावू नका.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांच्या मुलाखती, ६४ पानं. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्या काकांनी ते कृतीदेवमध्ये करून दिलं होतं, बाकी प्रकरणं मी स्वतः युनिकोडमध्ये. एका रात्री सगळी प्रकरणं एका फाइलीत आणायला बसले. वरून शहाणपणा असा की कॉपी न करता कट करत होते, म्हणजे कुठवर आलो ते कळतं! प्रत्येक वेळी टेक्स्ट ओन्ली. चौथ्या प्रकरणाकडे वळून पाहिलंही नाही. आमच्या सरांना अर्धविरामाचा भयंकर राग, म्हणून शेवटी रिप्लेस ऑल, अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम. वर्डने खिडकी दाखवली, ४,३१२ बदल केले. अहो, एका प्रबंधात चार हजार अर्धविराम येणार कुठून? मी ओके दाबलं. दोन्ही फाइली सेव्ह केल्या आणि झोपले.

सकाळी चौथं प्रकरण इंग्रजीत. घाबरले, मग सुचलं, ते प्रकरण निवडून कृतीदेव फाँट परत लावला. मराठी परत आलं! आणि लगेच पहिल्या ओळीत दिसलं, ‘मध्ये’च्या जागी ‘मध्ऐ’. ‘समय’चं ‘समए’. ‘त्या’मधल्या य-च्या जागी ए आणि त्याला काना. कृतीदेवमध्ये अर्धविरामाच्या बटणावर य आहे आणि स्वल्पविरामाच्या बटणावर ए. अख्ख्या प्रकरणातला एकेक य मी रात्रीत ए करून टाकला होता. उलटा रिप्लेस मारावा तर खरे ए सुद्धा य होणार, ‘एक’चं ‘यक’. मूळ फाइल कट करून रिकामी सेव्ह केलेली, आणि काकांनी काम झाल्यावर त्यांच्याकडची फाइल पुसून टाकलेली.

शेवटी असं केलं. मराठीत ए-ला काना किंवा उकार कधी लागत नाही, म्हणून तेवढे आधी रिप्लेसने परत फिरवले. ते निर्धोक होतं. उरलेले डोळ्यांनी, छापील प्रतीवर लाल पेनाने, नऊ दिवस.

त्यातूनही काही निसटले असणार. जिथे प्रबंध जमा करायचा त्या कार्यालयाने प्रत परत पाठवली, सोबत एक चिठ्ठी: ‘शुद्धलेखन व फाँट तपासावा.’ कुठे, कोणत्या पानावर, काही नाही. विचारायला गेले तर ‘तुमचा प्रबंध आहे, तुम्हीच बघा.’ असं तीन वेळा. तिसऱ्या वेळी तर पट्टीने अक्षर मोजून ‘हा १४चा वाटत नाही’ म्हणाले. कृतीदेवचा १४ आणि मंगल या युनिकोड फाँटचा १४ शेजारी ठेवले तर कृतीदेव लहानच दिसतो, हे सांगून उपयोग नव्हता. असो. या आठवणीने अजून डोकं फिरतं, विषयावर येते.

तुम्ही काय करावं? २३च्या २३ मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथे पुन्हा हात लावू नका. ते तीन लेख आधी कन्व्हर्टरमधून (जुन्या फाँटातला मजकूर बदलून देणारं साधन) युनिकोड करून घ्या, मगच मुख्य फाइलीत आणा. कन्व्हर्टर बहुतेक वेळा ऱ्या-चं र्या करतो, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’. शोधून एकेक दुरुस्त करा. इथे रिप्लेस ऑल मारलंत तर ‘कार्यालय’चं ‘काऱ्यालय’ होईल. (खरं तर मला चालेल.)

पीडीएफवाल्यांकडून मूळ फाइल मागा, अगदी हट्टाने मागा. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन बसते. व्हॉट्सअ‍ॅपचे लेख त्यामानाने सोपे, ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्या तेवढ्या काढा.

ओळींमधलं अंतर मधेच फटकून दिसतं ते बहुधा मंगलमुळे. त्या फाँटला वर-खाली जागा जास्त लागते, ओळीत एखादं अक्षर मंगलचं राहिलं तरी ती अख्खी ओळ सरकते. ‘एक्झॅक्टली’, म्हणजे ओळींचं पक्कं ठरावीक अंतर देऊन दाबू नका, रफार नाहीतर उकार कापला जातो आणि छापून आल्यावरच लक्षात येतं. परिच्छेद निवडून कंट्रोल-स्पेस, मग कंट्रोल-क्यू. पहिल्याने अक्षरांना वरून दिलेलं फॉरमॅटिंग जातं (ठळक-तिरपंसुद्धा), दुसऱ्याने परिच्छेदाचं. पण हेही युनिकोड झालेल्या लेखांवरच.

हे सगळं विंडोजवरच्या वर्डबद्दल, आणि मी काही संगणकतज्ज्ञ नाही, मराठीची बाई आहे. त्या तीन लेखांपैकी एकातल्या मजकुरावर क्लिक करून वर फाँटचं नाव काय दिसतं ते इथे लिहा. टेक्स्ट ओन्लीने आधीच पेस्ट करून बसला असाल तर ते नाव आता दिसणार नाही, मूळ फाइलीतच बघावं लागेल. आणि तोवर त्या फाइलीत एकही रिप्लेस करू नका.