तुमचे प्रश्न : साडी काळी की विटकी, आणि चंद्र नक्की केवढा?

मागच्या अंकात आपण दृष्टिभ्रमाची काही चित्रं छापली होती आणि खाली "काही विचारायचं असेल तर लिहा" असं म्हटलं होतं, तर तुम्ही लोकांनी एवढं लिहिलंय की पान पुरायचं नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही जरा कापलेत. ज्यांनी नुसता अंगठा पाठवला त्यांनाही थँक्यू.

प्रश्न : संक्रांतीसाठी काळी साडी घेतली. दुकानात गडद निळ्या-जांभळ्या साड्यांच्या मध्ये पसरून दाखवली तेव्हा अगदी विटकी, तपकिरीकडे झुकलेली वाटत होती. दुसरी काळी नव्हती म्हणून नाइलाजाने घेतली आणि घरी पलंगावर उलगडली तर काळीकुट्ट! मिस्टर म्हणतात डोळे तपासून घे. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : डोळे ठीक आहेत, मिस्टरांना हे पान वाचायला द्या.

यात दोन भानगडी एकत्र आल्यात. पहिली दुकानातल्या दिव्यांची. एलईडी, ट्यूब आणि ऊन यांच्या उजेडात रंगांचं प्रमाण वेगवेगळं असतं, त्यामुळे कापडावरून डोळ्यात येणारा प्रकाशच बदलतो, म्हणून तर आपल्या आया साडी दुकानाच्या दारात, बाहेरच्या उजेडात नेऊन बघायच्या, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पण तुमच्या केसमध्ये मला दुसऱ्या भानगडीचा जास्त संशय येतोय, ती म्हणजे शेजार.

सेम हीच तक्रार पॅरिसमध्ये जवळपास दोनशे वर्षांपूर्वी झालीय. तिथे गोबेलँ नावाचा सरकारी कारखाना होता, भिंतीवर टांगायचे मोठमोठे विणलेले पडदे करणारा. १८२४ मध्ये मिशेल शेव्रूल नावाचा केमिस्ट तिथल्या रंगखात्याचा प्रमुख झाला आणि त्याच्याकडे गाऱ्हाणं आलं, की निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या सावल्या विणायला जी काळी लोकर देता तिच्यात दमच नाही. या माणसाने रीतसर तपास केला, बाहेरच्या नामांकित रंगाऱ्यांची काळी लोकर मागवून शेजारी ठेवली, आणि त्याला आपल्या रंगात काहीच खोट सापडली नाही. काळ्याच्या बाजूला निळा-जांभळा आला की काळ्यावर उलट्या रंगाची, म्हणजे पिवळट-नारिंगी झाक चढल्यासारखी वाटते आणि तो विटका दिसतो, एवढंच होतं. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तकच काढलं. (गडी १०२ वर्षं जगला, हे आपलं उगाच.)

आता मेंदू असं का करतो? कारण डोळ्याला वस्तूचा रंग असा कधी मिळतच नाही, त्याला मिळतो फक्त तिच्यावरून आलेला प्रकाश, आणि तो वस्तूवर पण अवलंबून असतो आणि वर पडणाऱ्या उजेडावर पण. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि रात्री घरात दीड-दोनशे असला तरी खूप. म्हणजे अंगणात उन्हात पडलेला कोळसा रात्री हॉलमधल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश डोळ्यात टाकतो, आणि तरी आपल्याला कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढराच. हे फुकटात होत नाही. मेंदू आजूबाजूला बघून "इथे उजेड किती असेल, कुठल्या रंगाचा असेल" याचा अंदाज घेतो, तो भाग वजा करतो आणि उरलेलं आपल्याला "रंग" म्हणून दाखवतो. दिवसभर हे बिनचूक चालतं म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. शेजार बघून हिशोब करायची हीच सवय कधीतरी उलटते, तेव्हा आपण म्हणतो डोळे फसले.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एडवर्ड अॅडल्सनने १९९५ मध्ये याचं एक जबरदस्त चित्र केलं, बऱ्याच जणांनी बघितलंही असेल, बुद्धिबळाचा पट आहे, त्यावर हिरवा दंडगोल उभा आहे आणि त्याची सावली पटावर पडलीय. सावलीच्या बाहेरचं एक गडद घर आणि सावलीतलं एक फिकं घर, दोन्ही छापलेत तंतोतंत एकाच करड्या रंगात. शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. मग एका कागदाला दोन भोकं पाडायची आणि चित्रावर अशी धरायची की फक्त ती दोन घरं दिसतील. लगेच सारखी! कागद काढला की परत वेगळी. सावली बाजूला काढून घराचा "खरा" रंग सांगायचा हे मेंदूचं काम आणि ते त्याने चोख केलंय, त्यामुळे मला तर याला चूक म्हणायचंच जिवावर येतं.

आणि हो, २०१५ च्या फेब्रुवारीत नेटवर ज्या ड्रेसवरून जगभर भांडणं झाली तोही याच घरातला. फोटो असा निघाला होता की उजेड कुठला ते कळतच नव्हतं. ज्यांच्या मेंदूने निळसर सावली धरली त्यांना तो पांढरा-सोनेरी दिसला, ज्यांच्या मेंदूने पिवळे दिवे धरले त्यांना निळा-काळा. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. पुढे १,४०० च्या आसपास लोकांना विचारलं तेव्हा ५७ टक्के निळा-काळा म्हणाले आणि ३० टक्के पांढरा-सोनेरी, बाकीच्यांचं तिसरंच. २०१७ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की लवकर उठणाऱ्यांचा कल जरा पांढऱ्या-सोनेरीकडे जास्त असतो, बहुतेक दिवसाच्या उजेडात जास्त वावरल्यामुळे. फार ताणू नका मात्र, कल आहे, नियम नाही.

प्रश्न : कोजागिरीला संध्याकाळी समोरच्या दोन बिल्डिंगांच्या मधून चंद्र वर येतो तेव्हा परातीएवढा असतो आणि रात्री गच्चीवर दुधात बघायची वेळ येते तेव्हा वाटीएवढा. सोसायटीतले एक काका सांगतात हवेचं भिंग होतं. खरं का? (ठाणे)

उत्तर : नाही हो. हवा चंद्राला लाल-पिवळा करते, क्षितिजाला टेकलेला असताना वरून-खालून जरासा चेपतेसुद्धा, पण मोठा करत नाही. चंद्र कुठेही असला तरी साधारण अर्ध्या अंशाचीच जागा घेतो. हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा, करंगळी आडवी धरा, चंद्र मागे गुडूप. हे संध्याकाळी पण करा आणि बाराला पण करा, काकांनाही करायला लावा.

उलट गंमत अशी आहे की उगवताना तो एक-दीड टक्क्याने लहानच असतो, कारण चंद्र वर चढतो तसे आपण फिरत्या पृथ्वीबरोबर त्याच्या जवळ गेलेले असतो, जास्तीत जास्त पृथ्वीच्या त्रिज्येएवढे, म्हणजे ६,४०० किलोमीटरच्या आसपास.

मग मोठा का वाटतो? अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने सांगून ठेवलंय की हा प्रकार आकाशातला नाही, आपल्या अंतराच्या अंदाजाचा आहे. क्षितिजाकडे झाडं, घरं, डोंगर असा सगळा पसारा मध्ये असतो म्हणून मेंदू चंद्राला फार लांबचा धरतो, आणि तेवढाच दिसतोय पण लांब आहे म्हणजे मोठा असणार, असा हिशोब. ऐकायला छान आहे पण मला अर्धंच पटतं, कारण लोकांना विचारलं तर उगवता चंद्र "लांब" वाटतो असं कोणी म्हणत नाही, सगळे "किती जवळ आलाय" म्हणतात. शास्त्रज्ञांचं यावरून अजून भांडण चालू आहे. पसाऱ्याचा हात आहे एवढं मात्र स्वतः बघता येतं : कागदाची नळी करून तिच्यातून उगवता चंद्र बघा, बिल्डिंगा दिसेनाशा झाल्या की चंद्र लगेच आक्रसतो.

प्रश्न : उन्हाळ्यात सोलापूर रोडवर पुढे पाणी साचलेलं दिसतं, तोही मेंदूचाच खेळ ना?

उत्तर : नाही, त्यात मेंदू निर्दोष आहे. तापलेल्या डांबरालगतची हवा गरम आणि विरळ असते, तिच्यातून आकाशाचा प्रकाश वळून खरोखरच तुमच्या डोळ्यात येतो. मोबाइलने फोटो काढा, फोटोतही पाणी येईल. ही सोपी टेस्ट लक्षात ठेवा. अंधारात दोरीचा साप दिसला, आपल्या वेदांतवाल्यांचा तो आवडता दाखला, तर फोटोत दोरीच येईल. म्हणजे मृगजळ फिजिक्सच्या खात्यात आणि रज्जुसर्प मेंदूच्या.

प्रश्न : वर्गात फळ्यावर दोन सारख्या रेघा काढल्या, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. पोरांनी पट्टीने मोजल्या, सारख्या आहेत हे मान्य केलं, आणि तरी "पण मॅडम दुसरी मोठी दिसते" चालूच. हे आपण लहानपणापासून शिकतो की जन्मजात असतं? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : मॅडम, तुम्ही नेमक्या जुन्या वादात हात घातलात. या रेघा म्युलर-लायर नावाच्या जर्मन माणसाने १८८९ मध्ये मांडल्या. रिव्हर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि नंतर आपल्याकडे निलगिरीतल्या तोडा लोकांवर त्या वापरून बघितल्या, आणि त्याला दिसलं की हे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसतात. तेव्हाच्या गोऱ्या साहेबांची अपेक्षा उलट होती हे वेगळं सांगायला नको. १९६० च्या दशकात अमेरिकन संशोधकांनी बऱ्याच देशांत तेच केलं, तर आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातले सान लोक जवळजवळ फसलेच नाहीत. त्यावरून अशी थिअरी निघाली की चौकोनी खोल्यांत वाढलेल्या माणसाला कोपरे बघायची सवय असते, बाहेर उघडलेले बाण त्याला खोलीच्या लांबच्या कोपऱ्यासारखे वाटतात, आणि लांबची रेघ म्हणजे मोठी. पुस्तकांत वर्षानुवर्षं हेच छापलं जायचं.

मग आला प्रोजेक्ट प्रकाश. एमआयटीचे पवन सिन्हा यांचा हा प्रकल्प आपल्या देशातल्या जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांची ऑपरेशनं करून देतो आणि त्यांची नजर कशी घडत जाते ते अभ्यासतो. २०१५ मध्ये त्यांनी ८ ते १६ वयाच्या नऊ मुलांचा रिपोर्ट छापला. ऑपरेशननंतर लगेचच त्यांना या रेघा दाखवल्या, शिवाय रेल्वेच्या रुळांसारख्या जवळ येणाऱ्या रेघांचं पाँझोचं चित्रही, ज्यात रुळांवरच्या दोन सारख्या आडव्या रेघांतली वरची मोठी वाटते. ज्यांनी आयुष्यात कोपरा नीट बघितला नव्हता, रूळ बघितले नव्हते, अशी ही मुलं. दोन्हींत फसली, आपल्यासारखीच.

म्हणजे कोपऱ्यांची थिअरी एकटी पुरत नाही. पण सान लोकांचं काय, तेही खोटं नाही. मला वाटतं मूळ यंत्रणा आतच आहे आणि राहणीमुळे तिचा जोर कमी-जास्त होतो, तरी हा निकाल मानू नका, काम चालू आहे. पट्टीने मोजूनही पोरांना फरक का पडत नाही हे मात्र सोपं आहे : लांबी "दिसते" ती जिथे ठरते तिथे आपलं पट्टीचं ज्ञान पोचतच नाही. मॅडमनी सांगितलं, पटलं, आणि दिसणं होतं तिथेच राहिलं.

प्रश्न : ठोसेघरला धबधबा टक लावून बघत होतो, मग नजर बाजूच्या कड्यावर गेली तर कडा वर सरकायला लागला! सोबतच्यांनी वेड्यात काढलं. (सातारा)

उत्तर : वेडे ते. १८३४ मध्ये रॉबर्ट अॅडम्स नावाच्या माणसाला स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर हेच दिसलं आणि त्याने लिहून ठेवलं, पुढे याला धबधब्याचाच भ्रम म्हणायला लागले. मेंदूत खाली जाणाऱ्या हालचालीसाठी वेगळ्या पेशी असतात आणि वर जाणाऱ्यासाठी वेगळ्या. एकाच दिशेचं पाणी मिनिटभर बघितलं की त्या दिशेच्या पेशी मंदावतात, मग स्थिर कड्यावर नजर गेली की उलट्या दिशेचं पारडं जड होतं.

पण मला यातली खरी भारी गोष्ट वेगळीच वाटते. नीट आठवून बघा, कडा वर सरकत होता पण वर पोचत नव्हता, बरोबर? सरकणं आहे आणि जागा बदलत नाही! कारण "हलतंय" आणि "कुठे आहे" ही दोन कामं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी होतात. १९८३ मध्ये जर्मनीतल्या एका बाईंची केस प्रसिद्ध झाली, मेंदूला इजा होऊन त्यांची फक्त हालचाल बघायची शक्ती गेली होती. कपात चहा ओतताना त्यांना धार गोठल्यासारखी दिसायची आणि कप कधी भरला ते कळायचंच नाही.

प्रश्न : पुणे स्टेशनला शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखं का वाटतं?

उत्तर : कारण कानातलं तोल सांभाळणारं यंत्र फक्त वेगातला बदल सांगतं, एकसारखा वेग त्याला कळत नाही, त्यामुळे तिकडून फार विरोध होत नाही. आणि डोळ्यांसमोर अख्खी खिडकीभर गोष्ट सरकायला लागली तर मेंदू तिला जमीन समजतो, मग हलतोय तो मीच. बाहेर प्लॅटफॉर्मचा खांब शोधा, गाडी लगेच थांबते.

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर गोल फिरणाऱ्या डान्सरची क्लिप आलीय, डावीकडे फिरताना दिसली तर डावा मेंदू आणि उजवीकडे दिसली तर उजवा. माझ्या जावेला उजवीकडे दिसते आणि तेव्हापासून ती स्वतःला क्रिएटिव्ह समजते. (पिंपरी)

उत्तर : जाऊबाई क्रिएटिव्ह असतीलही, पण त्या क्लिपवरून कळणार नाही. ती जपानच्या नोबुयुकी कायाहारा या डिझायनरने २००३ मध्ये केली. नुसती काळी आकृती आहे, कुठला पाय पुढे आणि कुठला मागे याची काही माहितीच तिच्यात नाही. मेंदूला "माहीत नाही" असं दाखवता येत नाही, म्हणून तो एक काहीतरी धरून चालतो. डावा-उजवा मेंदू हा भाग कोणीतरी नंतर चिकटवलाय. खालच्या पायाकडे नजरेच्या कडेने बघत राहा, थोड्या वेळात ती उलटी फिरायला लागेल.

या जातीचं आपल्याकडचं बघायचं असेल तर अजिंठ्याला पहिल्या लेण्यात एका खांबाच्या वरच्या भागात चार हरणं कोरलीत आणि चौघांत मिळून डोकं एकच आहे. ज्या धडाकडे बघाल त्याचंच ते डोकं वाटतं. जाऊबाईंना घेऊन जा, आणि गाइडला आधीच सांगा, नाहीतर भिंतीवरची चित्रं बघण्याच्या नादात खांब राहून जातो.