खांदा निखळला, बसवताना दुखू नये म्हणून काय काय करता येतं? तुमचे प्रश्न

दहीहंडीनंतर खांद्याबद्दल बरेच मेसेज आलेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातले काही घेते.

डोंबिवलीहून एक ताई विचारतात: लोकलमधे चढताना मिस्टरांनी दांडा धरलेला, मागून रेटा आला आणि खांदा निखळला. जवळच्या एका नर्सिंग होममधे दोघांनी त्यांना दाबून धरलं आणि हात ओढून बसवला. इंजेक्शन नाही, काही नाही. ते अक्षरशः किंचाळत होते. असंच करतात का?

नाही ताई, असं करायचं नसतं, आणि वाचून फार वाईट वाटलं. खांदा निखळला की आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि दंडाच्या हाडाचा गोळा सांध्याच्या वाटीच्या बाहेर, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला, अडकून बसतो. दुखलं की पेशंट आणखी आखडतो, मग आणखी जोर लावावा लागतो, आणि जोरात ओढलं की हाड मोडायची किंवा नस दुखावायची भीती असते, वय झालेल्यांमधे तर जास्तच. म्हणजे दुखणं कमी करणं हे काही लाड नाहीत, स्नायू सैल पडले की खांदा थोडक्यात बसतो, तोच तर उपचार आहे.

आता एक खरं की औषधाशिवायही बसवता येतो. कनिंगहॅम नावाची एक पद्धत आहे, त्यात पेशंटला ताठ बसवून मानेजवळचे, खांद्याचे आणि दंडाचे स्नायू हळूहळू चोळून सैल करतात, ओढाओढ अजिबात नाही. पण त्यात पेशंट शांत बसू शकला पाहिजे, दुखतंय म्हणाला की थांबायचं. किंचाळणाऱ्या माणसाला दाबून धरणं ही कुठलीच पद्धत नाही.

मिस्टरांचा बसवल्यानंतरचा एक्स-रे झाला नसेल तर करून घ्या. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा वाटतोय का ते बघा, वाटत असेल तर लगेच ऑर्थोला दाखवा. आणि हे सगळ्यांसाठीच सांगते, कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या दुखण्याचं इंजेक्शन मागा, एक्स-रे काढायच्या आधी, कारण तिथे हात हलवायला लावतात तेव्हा सगळ्यात जास्त दुखतं. तोपर्यंत ओढणी नाहीतर टॉवेलची झोळी करून, हात ज्या पोझिशनमधे बरा वाटतो तसाच ठेवा.

मुलुंड: बाबा ६८ वर्षांचे, सिगारेटमुळे फुप्फुसं खराब आहेत, सीओपीडी. डॉक्टर म्हणाले भूल देऊन झोपवत नाही, सांध्यातच इंजेक्शन देतो. पैसे वाचवायला हलकं काहीतरी करतायत का?

उलट तुमच्या डॉक्टरांनी नीट विचार केलाय. शिरेतून झोपेचं औषध दिलं, मग ते प्रोपोफॉल असो की मिडॅझोलॅम आणि फेंटानिल, तर श्वास मंदावू शकतो, आणि बाबांच्या फुप्फुसांना ते झेपायला कठीण. सांध्यात साधारण १% लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, २० मिली देतात, आधी आत साठलेलं रक्त सुईने ओढून घेतात. मग १५-२० मिनिटं थांबायचं, आणि ही वाट बघणं महत्त्वाचं, कारण घाई केली की औषध चढलेलंच नसतं आणि मग लोक म्हणतात इंजेक्शनचा उपयोगच झाला नाही. दोन्ही पद्धतींची तुलना झालेली आहे, खांदा बसण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, त्रास मात्र सांध्यातल्या इंजेक्शनने कमी, आणि घरीही लवकर सोडतात.

मानेतून नस बधिर करायचा ब्लॉक कोणी सुचवला तर मात्र सीओपीडी आहे हे ठणकावून सांगा. त्या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटलही काही तास लुळा पडू शकतो. खांद्याच्या मागून, सोनोग्राफीवर बघून द्यायचा ब्लॉक असतो, तो अशा पेशंटला जास्त सेफ.

अंधेरी: मुलाने तासाभरापूर्वी वडापाव खाल्ला होता म्हणून भूल द्यायला सहा तास थांबायला सांगितलं. तेवढा वेळ तो तळमळत होता.

सहा तासांचा नियम ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आहे. इमर्जन्सीत फक्त पोट भरलंय म्हणून थांबू नये असं बऱ्याच इमर्जन्सी डॉक्टरांचं मत आहे, माझंही, पण कोणाला किती धोका आहे हे बघावं लागतं, उलटी फुप्फुसात जायची भीती खोटी नाही. भूलतज्ज्ञ नसतील, मॉनिटर नसेल, तर त्यांनी न झोपवणंच बरोबर. पण म्हणून नुसतं तळमळत ठेवायचं? सांध्यातल्या इंजेक्शनला उपाशी असणं लागतच नाही, ते विचारायचं होतं. आणि जितका उशीर तितके स्नायू आणखी आखडतात.

लालबाग: मी गोविंदा, वय २२, खांदा तिसऱ्यांदा उतरला. मित्र म्हणतात हाडवैद्याकडे जा, एका झटक्यात बसवतो, भूल वगैरे कशाला?

दादा, झटका नकोच. थरावरून पडून उतरलाय म्हणजे सोबत फ्रॅक्चर नाही हे एक्स-रेशिवाय कोणालाच कळत नाही, आणि मोडलेल्या हाडाला झटका दिला तर काय होईल विचार करा. वारंवार उतरणारा खांदा बऱ्याचदा कमी औषधात बसतो हे खरं, तरी हॉस्पिटलमधेच बसवा. एमआरआय करून ऑर्थोशी ऑपरेशनबद्दल बोला, तुमच्या वयात एकदा निखळला की परत परत निखळतो, आणि दरवेळी आतली वाटीची कड झिजत जाते. त्याआधी पुन्हा थरावर चढू नका, प्लीज.

माहीम: भावाला खांदा बसवताना केटामाईन हे भुलीचं औषध दिलं, शुद्धीवर येताना काहीबाही बडबडला, घाबरला. मेंदूला काही झालं का?

नाही. केटामाईनने काहींना तसं होतं, थोड्या वेळात उतरतं. दुखणं छान थांबतं आणि श्वास सहसा चालू राहतो म्हणून ते वापरतात. त्या दिवशी त्याला बाईक चालवू देऊ नका, घरी कोणीतरी सोबत थांबा.