‘त्रास’ म्हणजे मुळात दचकणे

टिपण लिहिताना आपल्याला पडलेला प्रश्न असा आहे की भरताच्या नाट्यशास्त्रातील ३३ व्यभिचारी भावांमध्ये, म्हणजे मनात येऊन जाणाऱ्या क्षणिक भावांमध्ये, ‘त्रास’ कसा आला? त्रास म्हणजे उपद्रव, कटकट. तो मनाचा भाव कसा ठरतो? आणि तो भीतीचाच प्रकार असेल, तर आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणाऱ्या, भावांत भय आधीच असताना त्याची वेगळी नोंद कशासाठी? या दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे. आपण मराठीतला त्रास मनात धरून संस्कृतातला त्रास वाचत आहात, आणि मराठीत येईपर्यंत या शब्दाने आपले घर पुरते बदललेले आहे.

संस्कृतात ‘त्रस्’ या धातूचा अर्थ थरथरणे, भीतीने कापणे असा आहे. ऋग्वेदात त्रसदस्यू नावाचा राजा येतो. ज्याच्यापुढे दस्यू, म्हणजे शत्रू, थरकापतात तो, असा त्या नावाचा अर्थ लावतात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही त्रास हा शब्द दर, भीती, साध्वस, भय यांच्याच पंक्तीला बसवलेला आहे, पीडेच्या शब्दांमध्ये नाही.

भरताने त्रासाची जी कारणे दिली आहेत ती लक्षपूर्वक पाहावीत : वीज, उल्का, वज्राघात, ढगांचा गडगडाट, मोठ्या श्वापदांची गर्जना. यांतले एकही कारण आधी सांगून येत नाही. अभिनय सांगताना तो अंग आक्रसणे, कंप, जागच्या जागी खिळणे, रोमांच, शब्द अडखळणे आणि डोळे मिटणे अशी लक्षणे देतो. वळवाच्या पावसात घराजवळ वीज कडाडते तेव्हा ओटीवर बसलेल्या माणसाकडे पाहावे. खांदे कानापर्यंत वर जातात, डोळे गच्च मिटतात, हातातल्या कपातला चहा बशीत सांडतो, आणि हे सगळे होऊन गेल्यावर मग त्याच्या मनात येते की गोठ्यावर तर पडली नसेल ना. कप हिंदकळला तो त्रास आणि गोठ्याचा विचार आला ते भय. पुढच्या काळातील रसचर्चेत हाच भेद नेमक्या शब्दांत मांडला गेला : शरीराला कापवणारा, एकाएकी उठणारा मनाचा कंप तो त्रास, आणि जे ‘पूर्वापरविचारोत्थ’, म्हणजे मागचापुढचा विचार करून उत्पन्न होते, ते भय. स्थायी भाव टिकणारा असतो, व्यभिचारी येतो आणि जातो. त्यामुळे दोघांना दोन वेगळ्या याद्यांत जागा मिळाली, यात पुनरुक्ती नाही.

संस्कृत कवी भारवीच्या किरातार्जुनीय या महाकाव्याच्या आठव्या सर्गात अप्सरांच्या जलक्रीडेचा प्रसंग आहे. पाण्यात सळसळणाऱ्या मासोळ्या मांड्यांना घासून जातात आणि त्या सुरांगना ‘त्रासविलोलदृष्टयः’ होतात. त्यांचे हात थरथरतात, नजर भिरभिरते, आणि सख्यांनीही पाहत राहावे अशा त्या दिसू लागतात. इथे कोणी मराठी अर्थ लावला, तर माशांना वैतागलेल्या अप्सरा डोळ्यांपुढे येतील आणि श्लोकाची सारी नजाकत पाण्यात जाईल. उलट बाजूनेही हीच गंमत होते. ‘खड्ड्यांमुळे नागरिक त्रस्त’ हा आपल्या वर्तमानपत्रांचा नेहमीचा मथळा एखाद्या जुन्या संस्कृत पंडिताने वाचला असता, तर रस्त्याच्या कडेला भेदरून उभे असलेले नागरिक त्याला दिसले असते. (पुण्याच्या पावसाळ्यात तो फार चुकला असता असे नाही.)

हा अर्थ मराठीत सरकला कसा? माझ्या मते वाट प्रयोजक रूपातून, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवण्याच्या रूपातून, गेली असावी. ‘त्रासयति’ म्हणजे भेदरवणे. जो एखाद्याला एकदा भेदरवतो तो भीती घालतो, पण जो रोज उठून भेदरवतो तो छळतो. मग छळ उरला आणि भीती गळून पडली. आज ‘पित्ताचा त्रास’, ‘त्रासिक चेहरा’, ‘तुम्हांला त्रास दिला, क्षमा असावी’ या प्रयोगांत भीतीचा मागमूसही नाही. शेजारच्या भाषांनी मात्र जुना अर्थ राखला. बंगालीत ‘त्रास’ म्हणजे धास्तीच, आणि आपण ज्याला दहशतवाद म्हणतो त्याला तिथे ‘संत्रासवाद’, तर गुजरातीत ‘त्रासवाद’ म्हणतात. गुजराती दैनिकातला हा शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्या मराठी माणसाला हसू येते; पण मुळाशी प्रामाणिक तेच आहेत.

धातूचे नातेवाईक दूरवर पसरलेले आहेत. फारसीत ‘तर्स’ म्हणजे भीती. देवाला भिणारा माणूस दयाळू असतो या समजुतीतून उर्दू-हिंदीत तो शब्द दयेकडे वळला आणि ‘तरस खाना’ झाला. लॅटिनमधील ‘टेरर’ही याच कुळातला, त्यामुळे ‘त्या भागात त्याचा टेरर आहे’ असे म्हणताना आपण नकळत त्रासालाच परत बोलावतो. जैन परिभाषेतील ‘त्रस’ जीव, म्हणजे स्थावरांच्या उलट हालचाल करू शकणारे जीव, हेही याच धातूचे. फसवे सोयरे तेवढे ओळखून दूर ठेवावेत. ‘त्राहि’ हे रूप रक्षण करणे या अर्थाच्या ‘त्रै’ धातूचे आहे, आणि आपला जंगलातला तरस संस्कृत ‘तरक्षु’वरून आला आहे, त्याला पाहून कितीही भीती वाटली तरी त्याचा इथे संबंध नाही.

त्रास निघून गेल्यावर रिकामी झालेली जागा मराठीने स्वतःच्या नादमय शब्दांनी भरली. त्यांतही सगळे सारखे नाहीत. ‘काळजात धस्स होणे’ हे बातमी कळल्यावर होते, म्हणजे तिथे अर्थ आधी मनात शिरलेला असतो. ‘धडकी भरणे’ याला पुढे काहीतरी ओढवणार ही जाणीव लागते. ‘धसका’ क्षणात बसतो, पण माणूस तो घेऊन महिनोन्‌महिने अंथरुण धरू शकतो. भरताच्या त्रासाला खरा जुळतो तो ‘दचकणे’ हाच शब्द, कारण दचकण्यापूर्वी माणसाला काहीच ठाऊक नसते. म्हणून आपल्या टिपणात पारिभाषिक नाव म्हणून ‘त्रास’ तसेच ठेवावे, पहिल्या उल्लेखाशेजारी ‘दचकणे’ असे लिहावे, आणि भारवीच्या अप्सरांना ‘दचकून भिरभिरत्या डोळ्यांच्या’ म्हणावे.