पहिल्या वर्षाचं गणित

प्रश्न : तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर अमेरिकेत कॉलेजात प्रवेश देताना वंश पाहत नाहीत. माझी मुलगी पुण्यातून इंजिनिअरिंगसाठी अर्ज करतेय. तिला फायदा होईल?

फारसा नाही. भारतीय पासपोर्टवर जाणारे विद्यार्थी तिथल्या आकडेवारीत ‘आंतरराष्ट्रीय’ या वेगळ्या रकान्यात जातात. फरक पडला तो तिथल्याच मुलांना. एमआयटीत २०२४मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीत कृष्णवर्णीय ५ टक्के होते. आधीच्या काही वर्षांत सरासरी १३.

प्रश्न : म्हणजे आधी आपल्यासारखं आरक्षणच होतं ना?

नाही. राखीव जागा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्येच बॅकी खटल्यात रद्द केल्या. नंतर वंश हा अनेक बाबींपैकी एक, एवढंच.

प्रश्न : तयारी कच्ची असलेल्यांना घेतलं तर ती मागे पडणारच. यात अन्याय कुठला?

असंच कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातही सगळे म्हणायचे. १९७०च्या दशकात तिथले गणितज्ञ यूरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये अडखळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. मुलं कष्टाळू होती, घरचा पाठिंबाही होता. पण ती एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं मात्र रात्री एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, चुका काढत. ट्राइझमन यांनी मग कार्यशाळा सुरू केल्या. जादा तास म्हटलं की आपल्याला सोपी उजळणीच सुचते. इथे मुद्दाम अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. नापासांचं प्रमाण झपाट्याने घटलं. तेव्हा मागे पडण्याचं खापर फक्त तयारीवर फोडता येत नाही. माझ्या मते प्रवेशावर आपण गरजेपेक्षा जास्त भांडतो आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात काय चालतं ते पाहतच नाही.

प्रश्न : वंशाची अट काढली तर असे उपक्रम टिकतात का?

मेरीलँडमधल्या यूएमबीसी विद्यापीठाचा मायरहॉफ हा विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांसाठीचा शिष्यवृत्ती कार्यक्रम टिकला. १९८९मध्ये १९ कृष्णवर्णीय मुलगे घेऊन तो सुरू झाला, पुढच्या वर्षी मुली आल्या आणि १९९६पासून तो सर्व वंशांना खुला आहे. कॉलेज सुरू होण्याआधीच उन्हाळ्यात एकत्र राहून अभ्यास, गटाने शिकणं, लवकरच प्रयोगशाळेत काम अशी त्याची रीत. मॉडर्नाच्या कोविड लसीमागच्या संशोधनातल्या किझमेकिया कॉर्बेट इथल्याच. अर्थात, इथे निवड कडक असते, मुलं मुळात हुशारच येतात. शिवाय शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक यांवर वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो. त्याची तयारी फार थोड्या विद्यापीठांची असते.