कोपर ते मनगट : मधल्या हाताला नाव काय?

प्रश्न असा आला आहे : हात मोडलेल्या रुग्णांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करताना 'फोरआर्म' या शब्दापाशी गाडी अडली. कोशात 'प्रकोष्ठ' सापडला, तो चालेल का?

अर्थाने बिनचूक आहे. अमरकोशात कोपराच्या वरचा तो प्रगंड आणि खालचा तो प्रकोष्ठ, अशी सरळ वाटणी केलेली आहे. आपलं 'कोपर' तिथल्याच 'कूर्पर'चं, प्राकृतातून घासून आलेलं रूप. पण कोपर घरोघरी नांदलं आणि प्रकोष्ठ पोथीतच राहिला. (हिंदीत तो आता राजकीय पक्षांच्या आघाड्यांना लावतात, ते वेगळंच.) प्लॅस्टर घातलेल्या आजीला 'प्रकोष्ठ उंचावर ठेवा' म्हणालात, तर ती दुसरा हात कोपरापासून जोडेल.

वरच्या भागाला मराठीत 'दंड' हा झकास शब्द आहे. बेडकुळी दंडात येते, रक्तदाबाचा पट्टा दंडालाच बांधतात. खालच्या भागाला असं स्वतंत्र नाव बोलीत रुळलं नाही, कारण 'हात' म्हटलं की तोच पहिला डोळ्यांपुढे येतो. लांबी मोजायचा जुना 'हात' कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, म्हणजे दोन विती. 'एक हात लाकूड, दहा हात ढलपी' यातलाही तोच. लॅटिनमध्येही काहीसं असंच आहे : 'अल्ना' म्हणजे कोपर, आणि तोच शब्द मापालाही वापरत.

एका बाबतीत मात्र भाषेने या भागावर अन्याय केलाय. आपण 'मनगटात जोर हवा' म्हणतो; पण मनगटात बघायला गेलं तर हाडं, बंध आणि दोऱ्यांसारखे स्नायुबंध. मूठ आवळणारे मोठे स्नायू कोपराखालच्या मांसल भागात असतात. तिथे दुसऱ्या हाताचा तळवा ठेवून मूठ घट्ट वळा, खालचं मांस फुगलेलं लगेच कळेल.

हाडांच्या नावांत मात्र पारिभाषिक शब्द छान जमलाय. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस ते 'अरास्थी'. अर म्हणजे चाकाचा आरा, आणि लॅटिन रेडियसचा अर्थही आराच. करंगळीच्या बाजूचं ते अल्ना. कोपराचं टोक म्हणून जे हाताला लागतं ते तिचंच. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, ते टोक चिमटीत धरा आणि तळहात पालथा करा. टोक जवळजवळ जागचं हलत नाही. अरास्थी मात्र वळून अल्नाला ओलांडून जाते. म्हणून कोपर ही नुसती बिजागरी नव्हे. वाकणं-सरळ होणं बिजागरीचं खरं, पण किल्ली फिरवताना याच सांध्यात अरास्थीचं गोल डोकं जागच्या जागी फिरतं.

तेव्हा पत्रकात पहिल्यांदा 'कोपरापासून मनगटापर्यंतचा हात' असं लिहा आणि पुढे 'कोपराखालचा हात'. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील. कंसात 'प्रकोष्ठ' घालायचा मोह टाळा. आणि 'ढोपर' तर अजिबात नको : बऱ्याच घरांत ते गुडघ्याला म्हणतात, काही घरांत कोपराला. शेकायला सांगाल एक सांधा आणि शेकला जाईल दुसराच.