बाप्तिस्म्याचं नाव पासपोर्टवर का येत नाही

ताई, तुमच्यासारखे मेल वसईकडच्या, आता अमेरिकेत सिटिझन झालेल्या कुटुंबांकडून बऱ्याचदा येतात. महाराष्ट्रातल्या शिशुगृहातून मुलगी दत्तक घेतली, अमेरिकेला न्यायच्या आधी गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा केला, नाव ठेवलं मारिया, शाळेतही तेच लावलं, आणि आता अमेरिकन पासपोर्टचा फॉर्म भरताना लक्षात आलं की कागदोपत्री ती अजून आरतीच आहे. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिची एनओसी (ना हरकत पत्र), परदेशी दत्तकासाठीच्या हेग कराराचे कागद हे सगळं तुम्ही केलेलंच आहे, ते परत सांगत बसत नाही.

सगळं अडलंय दत्तक ऑर्डरमधल्या नावाच्या ओळीवर. सप्टेंबर २०२२ पासून ही ऑर्डर कोर्टाऐवजी कलेक्टर देतात. नवीन नाव हवं असेल तर ते त्या अर्जातच मागायचं असतं, तुम्ही मागितलं नाहीत. मग ऑर्डरवरून जन्मदाखला निघाला, दाखल्यावरून भारतीय पासपोर्ट, त्यावर व्हिसा, आणि आरती हेच नाव सगळीकडे जात राहिलं. एवढे महिने ऑर्डरची वाट बघितलीत आणि हातात आल्यावर दोन पानं नीट वाचली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे संस्कार झाल्याची नोंद, त्याने कायद्यातलं नाव बदलत नाही, भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही.

आता ऑर्डर दुरुस्त करायला कलेक्टर ऑफिसला चकरा मारू नका. चुकीचं नाव पडलं असतं तर दुरुस्ती मागता आली असती, इथे चूक झालेलीच नाही.

मुलगी आयएच-३ व्हिसावर, म्हणजे भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांना मिळतो त्या व्हिसावर गेली असेल तर चाइल्ड सिटिझनशिप अॅक्ट २००० प्रमाणे ती अमेरिकेत उतरली त्याच दिवशी सिटिझन झाली, त्याची काळजी सोडा. तुमच्या अमेरिकेतल्या राज्याच्या कोर्टातून नाव बदलण्याची ऑर्डर घ्या. काही राज्यांत परदेशातलं दत्तक तिथे नोंदवताना किंवा री-अॅडॉप्शन, म्हणजे तिथल्या कोर्टात पुन्हा दत्तक, करताना नावाचंही काम होतं, तुमच्याकडे कसं आहे ते तिथल्याच वकिलाला विचारा. ऑर्डर आली की सोशल सिक्युरिटी, नव्या नावाच्या सिटिझनशिप सर्टिफिकेटसाठी एन-५६५ फॉर्म, आणि मग पासपोर्ट. लवकर गावी यायचं असेल तर आत्ता आरती नावानेच पासपोर्ट काढा आणि तिकीटही त्याच नावाने, बदल नंतर करता येतो.

फादर बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये काय लिहितात त्याबद्दल विचारलंय तुम्ही. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ८७७ प्रमाणे दत्तक आईवडिलांची नावं लागतात, जन्मदात्यांची नावं सरकारी कागदात असतील त्या मानानेच. तुमच्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुम्हीच आहात, तेवढाच दाखवा. जन्म देणाऱ्या आईचं नाव चुकून कळलं असलं तरी ते तिथे लिहू देऊ नका, तिची माहिती कायद्याने गुप्त आहे आणि पॅरिशचं रजिस्टर गावातले लोक हाताळतात.

आणि कोर्टात जाताच आहात तर आरती हे नाव मधलं नाव म्हणून ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. पोरगी चार वर्षं त्या हाकेला ओ देत होती, आणि उद्या तिने भारतातले आपले कागद मागवले तर दोन्हीकडची नावं जुळलेली तिला लागतील.